भाकिताचा बिल्ला

चेकरचा कुणावरच विश्वास नव्हता आणि त्यात त्याला काही वावगंही वाटत नसे. उभं आयुष्य बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेलेलं. पुढच्या दाराने चढायचं, मागच्या दाराने उतरायचं आणि मधल्या वाटेत खिडकीबाहेर नको इतकं मन लावून कोण बघतंय ते हेरायचं, हेच काम. निवृत्त झाला तेव्हा खात्याने त्याची टोपी आणि छातीवरचा बिल्ला परत घेतला. संशय परत मागायचं मात्र विसरले. तेव्हापासून दूधवाल्याचं दूध, औषधाच्या दुकानातली गोळी, लेकीने फोनवर सांगितलेली खुशाली, सगळं तो उजेडाला धरून बघायचा. गल्लीत त्याला सगळे चेकरच म्हणत. बायको 'अहो' म्हणायची, आणि फारच वैतागली तर 'चेकरसाहेब'.

या एवढ्या मोठ्या तपासणीतून एकच माणूस सुटलं होतं, ते म्हणजे ही बायको. तिला तपासावं असं त्याच्या कधी मनातही आलं नाही.

तर असा हा माणूस बायकोला घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंसमोर खुर्चीच्या कडेवर बसला होता, आणि त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. डॉक्टरीणबाई वयाने त्याच्या लेकीएवढ्या. बोलणं स्वच्छ, आडपडदा नाही. हेच त्याला पहिल्यांदा खटकलं. इतकं सरळ बोलणारं माणूस काहीतरी लपवत असणार.

"काकूंची पोटातली गाठ परत आलीये," त्या म्हणाल्या. "आता दोन वाटा आहेत. एक म्हणजे जबर औषध, शिरेतून. ते अंगानं सोसलं तर काही वर्षं हाताशी लागू शकतात. नाही सोसलं, तर आहेत ते महिनेही जातील. दुसरी वाट साध्या गोळ्यांची. त्रास कमी, घरच्या घरी. पण त्यानं गाठ हटत नाही, फार तर थोडी थांबते."

"आणि सोसेल की नाही, हे कोण सांगणार?" चेकरने विचारलं.

"सांगणार मीच. पण त्याआधी याचंही मत घेते." त्यांनी टेबलावरच्या पडद्याला बोट लावलं. "ही कृत्रिम बुद्धी आहे, काका. हजारो पेशंटचे रिपोर्ट वाचून शिकलीये. कुणाला काय औषध दिलं, पुढं त्याचं काय झालं, सगळं. काकूंचे रिपोर्ट दिले की ती सांगते, अशा शंभर जणांना हे औषध दिलं तर किती जण तग धरतील."

पडद्यावर आकडा होता. चौतीस.

"चौतीसच का?" चेकर म्हणाला. "तेहेतीस का नाही?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "ते मलाही नेमकं सांगता येत नाही. ती उत्तर देते, पण कसं काढलं ते उलगडून दाखवत नाही."

झालं. चेकरच्या हिशोबी जो विचारल्यावर तिकीट दाखवत नाही त्याच्याकडे तिकीट नसतं. एवढ्या वर्षांत या नियमाला अपवाद त्याने पाहिला नव्हता. कुठंतरी पाणी मुरतंय हे त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

बायको शेजारी बसून सगळं ऐकत होती. शिवणकाम करणारी बाई. शाळांचे गणवेश आणि गल्लीतल्यांचे कोट शिवत तिची सगळी हयात गेलेली. मान जरा पुढे झुकलेली ती तेव्हापासूनच. तिच्यासमोर डॉक्टरीणबाईंनी एक चपटी काळी चकती ठेवली, कोटाच्या बटणाएवढी. ती रबराच्या खोबणीत बसायची आणि खोबणीला मागून पिन होती.

"हा बिल्ला महिनाभर अंगावर लावायचा. तुम्ही दिवसभरात किती चालता, किती पडून असता, ते हा टिपतो आणि घरच्या फोनवरून आम्हाला कळवतो. चौतीस म्हणजे अगदी काठावर आहे. तुमचं चालणं कळलं की आकडा जास्त भरवशाचा होईल. पन्नासच्या वर गेला तर मी जबर औषध द्यायला मोकळी."

"चालण्याला एवढं महत्त्व का हो?" बायकोने विचारलं.

"जे जास्त चालतात ते सहसा जास्त सोसतात, असं दिसून आलंय."

"आणि ज्यांचं कामच बसून असतं, त्यांचं काय?"

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन वाजला, त्या उठून बाहेर गेल्या, आणि परत आल्या त्या दुसरंच बोलत. बायकोने प्रश्न पुन्हा विचारला नाही. बिल्ला तळहातावर घेऊन तिने तो उलटासुलटा करून पाहिला, कापडाचा पोत बघावा तसा.

घरी आल्यावर बिल्ला झग्यावर लागला आणि चेकरचा पहारा सुरू झाला. तो बिल्ल्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू लागला. हा फक्त पावलं मोजतो यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. नक्की ऐकतही असणार. म्हणून बिल्ल्याच्या आसपास आजाराचं अक्षर काढायचं नाही, असा त्याने घरात कायदाच केला. उलट बिल्ल्याकडे तोंड करून तो मोठ्याने म्हणायचा, "वा! आज दोन वाट्या सूप संपवलंस की! आणि काय ती भूक!"

सूप वाटीत तसंच असायचं. बायको हसायची. हसताना तिला पोट धरावं लागायचं, आणि मग हसणं मध्येच थांबायचं.

"अहो, घरात बसून माझ्या तोंडाकडे काय बघत राहता?" ती म्हणायची. "जा, एक चक्कर मारून या. सकाळी एक, संध्याकाळी एक. तुम्ही समोर बसलात की मला उगाच आजारी असल्यासारखं वाटतं. आणि कोट घाला, बाहेर गार आहे. अस्तर उसवलं होतं ते शिवून ठेवलंय."

चेकर जायचा. बायको आजारी पडल्यापासून त्याला घरात बसवत नसे आणि बाहेर करमत नसे. मग नुसतं चालायचं. गल्लीतून मोठ्या रस्त्याला, तिथून बाजारावरून जुन्या डेपोपर्यंत. डेपोच्या मागे तो थोडा वेळ थांबायचा आणि मग झपझप घरी यायचा. आला की पहिली नजर झग्यावर. काळी खोबणी जागेवर असायची. बरं वाटायचं.

पहिले काही दिवस असेच गेले आणि मग हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला. "काकू मस्त चालतायत हं! असंच चालू ठेवा."

चेकरने फोन ठेवला आणि बायकोकडे बघितलं. पलंगापासून शिवणयंत्रापर्यंत जाताना ती मध्ये दाराची चौकट धरून उभी होती. दम घेत होती.

आता मात्र त्याच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. मस्त चालतेय कोण? दुसऱ्याच कुठल्या तरी पेशंटची माहिती हिच्या नावावर चढत असेल. नाहीतर मुद्दामच आकडा वाढवत असतील. यंत्र नवीन आहे, त्याचं नाव व्हायला हवं, आणि त्यासाठी कुणाला तरी जबर औषध देऊन बघायला हवं. कोण सापडलं? माझी बायको. हे सगळं त्याने लेकीला फोनवर सांगितलं. लेक दूर राहायची. जमेल तशी येऊन जायची.

"बाबा, तुम्ही यंत्रावर संशय घेताय की डॉक्टरांवर?"

"दोघांवर."

"आणि आई काय म्हणतेय?"

"आई कशाला काय म्हणेल? तिला यातलं काय कळतंय!"

"बाबा, आईला विचारा तरी," लेक म्हणाली.

म्हणजे लेकही त्यांना सामील, असं त्याच्या मनात येऊन गेलं. लगेच स्वतःचीच लाज वाटली, पण आलेला संशय काही गेला नाही.

क्षणभर असंही वाटलं, की आपण बाहेर पडल्यावर ही घरात येरझाऱ्या घालत असेल काय? म्हणून एका संध्याकाळी तो निम्म्या वाटेतून माघारी फिरला, पायऱ्या चोरपावलांनी चढला आणि दार हळूच ढकललं. बायको खुर्चीत झोपली होती. तोंड किंचित उघडं, मांडीवर अर्धवट शिवलेला शर्ट, झग्यावर काळा बिल्ला. हिच्याने पेला उचलवत नाही आणि म्हणे मस्त चालते! चेकर दारातच उभा राहिला. त्याला रडू आलं, आणि हॉस्पिटलचा रागही आला.

त्या आठवड्यातल्या गुरुवारी एक गंमत झाली. डेपोजवळून जाताना त्याच्या देखत एक धट्टाकट्टा माणूस सुटलेल्या बसच्या मागच्या दारात उडी मारून चढला आणि चढताक्षणी खिडकीबाहेर बघायला लागला. चेकरच्या पायांनी त्याला विचारलंच नाही. तो बसमागे धावत सुटला. "ए! ओ! तिकीट!" पुढच्या सिग्नलपर्यंत धावला, बस गेली निघून, आणि हा खांबाला धरून धापा टाकत उभा. येणारेजाणारे बघत होते. या वयात, निवृत्त माणसाने, कुणी न सांगता! घरी आल्यावर त्याने ताकास तूर लागू दिली नाही. बायकोने घामेजलेल्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, तर म्हणाला, "उकडतंय बाहेर."

"कोट घालून गेलात ना?" ती म्हणाली. आज गार आहे असं सकाळी तिनेच सांगितलं होतं.

महिना भरला. तारीख शुक्रवारची होती. चेकर त्या दिवशी धाड घालायला निघाल्यासारखा तयार झाला. दाढी केली, कोट झटकला. यंत्राला आज रंगेहाथ पकडायचं. डॉक्टरीणबाईंना विचारायचं, दाखवा, कधी चालली, कुठे चालली, किती वाजता चालली. आणि मग सांगायचं, त्या वेळी मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय.

डॉक्टरीणबाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. आकडा एकसष्ट होता.

"मला दाखवा," चेकर म्हणाला. "कुठल्या चालण्यावरून काढलाय हा?"

"दाखवते की." त्यांनी बोट फिरवलं. पडद्यावर एक रेघ आली, वरखाली जाणारी. "हे बघा. रोज सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. बाकी वेळ विश्रांती. चांगलं लांबचं चालणं आहे. मध्ये एका ठिकाणी बराच वेळ थांबतात, रोजच. दम लागत असणार. पण तिथून पुढं बघा, येताना जास्तच भराभर येतात." त्या थांबल्या आणि बायकोकडे बघून जरा नवलाने म्हणाल्या, "आणि काकू, एका गुरुवारी तर तुम्ही चक्क धावलात!"

पडद्यावर गुरुवारच्या रेघेला एक उंच टोक होतं, सरळ वर गेलेलं.

चेकरने ते टोक बघितलं आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. तो खांब, तो सिग्नल, त्या धापा, सगळं त्या टोकात होतं. त्याच्या आधीचं थांबणं डेपोमागचं. त्याच्या आधीची वळणदार चढण म्हणजे बाजारातली गर्दी. ही रेघ त्याला तोंडपाठ होती. ही त्याची रेघ होती.

त्याचा हात आपोआप कोटाच्या खालच्या दुमडीवर गेला. अस्तराच्या आत, शिवणीच्या कोपऱ्यात, बोटांना काहीतरी गोल, चपटं लागलं.

तो बायकोकडे वळला. ती त्याच्याकडे बघत नव्हती. खिडकीबाहेर बघत होती, नको इतकं मन लावून.

"काका? काही बोलायचं होतं तुम्हाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा चेकरने विनातिकीट माणूस समोर दिसत असून तोंड उघडलं नाही. बोलावं तर ही बाई इथल्या इथे बायकोचं औषध काढून घेईल. न बोलावं तर तेच औषध सोमवारी तिच्या शिरेत जाईल, आणि ते सोसायला पाय याचे नसतील.

"नाही," तो म्हणाला. "काही नाही."

"मग सोमवारी सुरू करू. जरा लवकर या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा एकदा त्या टोकाकडे पाहिलं आणि पडदा बंद केला.

घरी आल्यावर त्याने कोट काढला, शिवणयंत्राच्या टेबलावर टाकला आणि कात्री उचलली.

"थांबा," बायको म्हणाली. "टाके बारीक आहेत, अस्तर फाटेल. इकडं द्या."

तिने कोट मांडीवर घेतला, सुईच्या टोकाने एकेक टाका उचलला आणि दुमड मोकळी केली. काळी चकती टेबलावर पडली. मग तिने झग्यावरची खोबणी काढून तिच्या शेजारी ठेवली. खोबणीत कोटाचं काळं बटण होतं. महिनाभर ज्याच्याकडे तोंड करून तो सुपाच्या बाता मारत होता, ते हे.

"मी त्या बटणाशी बोलत होतो?"

"हो." तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं आणि विरलं. "सांगावंसं वाटायचं कधीकधी. पण फार छान बोलायचात."

"अगं पण का?" त्याचा आवाज चढला. "हे असलं कुणी करतं का? सोमवारी डॉक्टरीण ते औषध तुला लावणार. ते उलटलं म्हणजे?"

"उलटलं तर उलटलं. गोळ्या देऊन घरी पाठवलं असतं तर काय झालं असतं, ते तुम्हालाही माहितीये." ती शांतपणे चकती फिरवत होती. "मी जन्मभर बसून काम केलं. चांगली धडधाकट होते, रात्रंदिवस कामं उपसत होते, तेव्हा तरी कुठं चालायचे मी? पलंगापासून मशीनपर्यंत. तेव्हा हा बिल्ला लावला असता तर तेव्हाही यानं मला मरायलाच टाकलं असतं. विचारलं मी त्यांना, बसून काम करणाऱ्यांचं काय? उत्तर आलं नाही. मग मी माझं उत्तर शिवून टाकलं."

"फसवणूक आहे ही."

"आहे."

"मी उभ्या जन्मात विनातिकीट माणूस सोडला नाही."

"मग उतरवा मला," बायको म्हणाली. "पुढच्या स्टॉपला उतरवा."

चेकर मटकन खाली बसला. तिला जगायचं होतं. इतकं जगायचं होतं, आणि त्याने महिनाभर तिच्याखेरीज सगळ्या जगावर पहारा ठेवला होता. तिला कुणी विचारलंच नव्हतं. त्यानेही नाही.

"सांगायचं तर सांगा डॉक्टरांना," ती म्हणाली. "अडवणार नाही. पण आधी मला एक सांगा. त्या म्हणाल्या, मध्ये एका ठिकाणी रोज बराच वेळ थांबतात. कुठं थांबता?"

"कुठं नाही."

"अहो."

"डेपोच्या मागं," तो म्हणाला.

"तिथं काय आहे?"

"तिथं बसगाड्या धुतात. मोठे पाइप असतात पाण्याचे. फार आवाज होतो." तो जमिनीकडे बघत होता. "तिथं रडलं तर कुणाला ऐकू जात नाही."

बायकोने चकती खाली ठेवली. मघापासून तिचे डोळे कोरडे होते, ते आता भरून आले. उठायला तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. ती त्याच्याजवळ आली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली, दम लागेपर्यंत.

"घरात रडायचं की हो," ती म्हणाली. "मी मशीन चालवली असती. त्याचाही आवाज होतोच."

सोमवारी ते लवकर गेले. चेकरने चकती आणि बटण दोन्ही टेबलावर ठेवलं आणि घडलं ते सगळं सांगितलं, बस आणि खांबासकट. फक्त पाण्याच्या पाइपांबद्दल बोलला नाही. डॉक्टरीणबाईंचा चेहरा लाल झाला.

"तुम्हाला कळतंय का काय झालं असतं? मी आज पूर्ण मात्रा लावणार होते!" मग त्या मागे टेकल्या. "लावली नसती म्हणा. गुरुवारी काकू धावल्या हे काही माझ्या गळी उतरत नव्हतं. म्हणूनच लवकर बोलावलं. आधी माझ्यासमोर त्यांना व्हरांड्यातून चालायला लावणार होते."

चेकरने चमकून वर पाहिलं. या बाईलाही संशय येतो, हे त्याला नवीन होतं. महिन्यात पहिल्यांदा ती त्याला जरा भरवशाची वाटली.

"आणि काकू, त्या दिवशी तुम्ही विचारलं ते माझ्याकडून राहून गेलं, ही चूक माझी. बैठं काम करणारे लोक याच्या शिकण्यात आहेत, पण कमी आहेत. त्यांच्या बाबतीत याचा अंदाज कच्चा असू शकतो. कच्चा म्हणजे खोटाच असतो असं मात्र नाही."

"मग तो एकसष्ट कुणाचा होता?" बायकोने विचारलं.

"कुणाचाच नाही. रक्त तुमचं, पाय काकांचे. असं माणूसच नाही जगात."

"नाही कसं?" बायको म्हणाली. "इतकी वर्षं तसेच तर राहतोय आम्ही. पाय यांचे, बाकी सगळं माझं."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुसायला नको इतका वेळ लावला.

मग बायको व्हरांड्यातून चालली. शेवटच्या खिडकीपर्यंत आणि परत. चेकर हात धरायला पुढे झाला, तर डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांनीच त्याला थांबवलं. ती एकदा भिंतीला टेकली, एकदा बाकावर बसली, पण परत आली. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, डोळे बघितले, रक्ताचे रिपोर्ट पुन्हा वाचले, बिल्ल्याऐवजी हे चालणं टाकून यंत्राला पुन्हा विचारलं.

"आता चाळीसच्या आसपास म्हणतंय," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्यालाही माहीत नाही आणि मलाही नाही. निम्म्या मात्रेनं सुरुवात करता येईल. दर आठवड्याला मी स्वतः बघेन, आणि झेपत नाही असं वाटलं की त्याच दिवशी थांबवेन. तेव्हा हट्ट चालणार नाही. गोळ्यांची वाटही अजून खुली आहे. काकू, तुम्हाला काय हवंय?"

बायकोने चेकरकडे बघितलं नाही. "निम्मं तर निम्मं," ती म्हणाली. "लावा."

पहिल्या दिवसाचं औषध थेंब थेंब करत दुपारपर्यंत चाललं. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा तिला उलट्यांनी बेजार केलं. तिसऱ्या खेपेपर्यंत केस गेले, आणि डोक्याला बांधायचा रुमाल तिने स्वतःच शिवला. औषध लागतंय की नुसतंच अंग जाळतंय, हे अजून कुणी सांगू शकत नव्हतं. डॉक्टरीणबाई दर आठवड्याला बघत होत्या, आणि चेकर डॉक्टरीणबाईंकडे बघत होता. त्यांच्या कपाळाला आठी पडली की तो खुर्चीच्या कडेवर सरकायचा.

एक सवय त्याला तेवढी लागून गेली होती. घराबाहेर पडताना कोट घातला की हात खालच्या दुमडीवरून फिरायचा, सबंध गोलाकार. बिल्ला हॉस्पिटलला कधीच परत गेला होता, आत काही नसणार हे माहीत होतं, तरी बोटं तपासून घ्यायची. बायको पलंगावरून बघायची.

चौथ्या खेपेच्या सकाळी तिला वॉर्डात पोचवून, नर्सने सुई लावल्यावर, तो खाली चहा आणायला निघाला. कोट चढवला. हात दुमडीवरून फिरला आणि कोपऱ्यात थबकला. काहीतरी गोल, चपटं लागत होतं.

तो तिथेच उभा राहून शिवण चाचपायला लागला. टाके बारीक, सरळ, एकसारखे. ज्या हातांना आता पेला धरवत नव्हता त्या हातांचे.

"चेकरसाहेब," मागून खोल गेलेला आवाज आला. "बटण आहे. तेच ते."

तो वळला. तिचे डोळे मिटलेले होते, पण ओठांच्या कडेला ते हसू होतं.

"रोज हात फिरवता आणि काही सापडत नाही," ती म्हणाली. "मलाच बघवेना. आता सापडत जाईल."

त्याने खुर्ची ओढली आणि कोट न काढता तिच्या पलंगाशी बसून राहिला. चहा राहिलाच. वॉर्डात बारीकसा आवाज करत यंत्रं चालू होती, त्या आवाजात काही लपण्यासारखं नव्हतं, आणि तरी तो तिच्यासमोर, सगळ्यांच्या देखत रडला.